न्यूयॉर्कची झाडे, जर्मनीची थंडी

नकाशाचे पुस्तक उघडा आणि त्यात न्यूयॉर्क व बर्लिन शोधा. न्यूयॉर्क सुमारे ४१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर बर्लिन साडेबावन्न अंशांवर. म्हणजे बर्लिन ध्रुवाच्या बाजूला सुमारे १,३०० किलोमीटर अधिक सरकलेले आहे. असे असूनही जानेवारीत दोन्ही शहरांचे सरासरी तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपासच असते!

याचे कारण वाऱ्यात आहे. या अक्षांशांवर वारे बहुतेक पश्चिमेकडून वाहतात. बर्लिनला येणारी हवा अटलांटिक महासागरावरून येते. पाण्याची विशिष्ट उष्णता जमिनीपेक्षा बरीच जास्त असल्याने समुद्र सावकाश निवतो आणि हिवाळ्यातही हवेला ऊब देतो. न्यूयॉर्कलाही समुद्र आहे, पण तो पूर्वेला. तिथे हिवाळ्यात वारा येतो तो गोठलेल्या खंडावरून.

या साम्याचा लाभ होऊ शकेल असे काम एका सैनिकाने हाती घेतले होते. त्याचे नाव फ्रीड्रिख आडाम युलिउस फॉन वांगेनहाइम (१७४९–१८००). अमेरिकेतील वसाहती ब्रिटनविरुद्ध उठल्या, तेव्हा ब्रिटनने जर्मन संस्थानिकांकडून सुमारे ३०,००० सैनिक भाड्याने घेतले. त्यांत हेसे-कासेल संस्थानाच्या ‘येगर’ पथकात वांगेनहाइम अधिकारी होता. येगर म्हणजे शिकारी. या पथकांत रानावनाची माहिती असलेली माणसे मुद्दाम घेत. तेव्हा शत्रूच्या शोधात निघालेल्या या अधिकाऱ्याची नजर झाडांवरही खिळली, यात नवल नाही.

जर्मनीत त्या काळी लाकूड संपेल अशी धास्ती होती. घरे, खाणी, भट्ट्या, चुली, सगळ्यांनाच लाकूड हवे. वांगेनहाइमने अमेरिकेतील वृक्षांची वर्णने लिहिली. त्याची पहिली पुस्तिका युद्ध चालू असतानाच, १७८१ मध्ये, ग्योटिंगेन येथे छापली गेली. अमेरिकेतील कोणती झाडे जर्मन वनांत लावता येतील, हे सांगणारा मोठा सचित्र ग्रंथ १७८७ मध्ये आला. पुढे तो प्रशियाच्या सेवेत शिरला आणि पूर्व प्रशियातील गुंबिनेन येथे वरिष्ठ वनाधिकारी झाला. (हे गाव आज रशियात असून त्याचे नाव गुसेव आहे.) तिथल्या एल्क या थोरल्या हरणावरही त्याने लिहिले.

मात्र केवळ जानेवारी जुळून भागत नाही. न्यूयॉर्कचा जुलै बर्लिनपेक्षा पाच-सहा अंशांनी अधिक उष्ण असतो. ज्या झाडाला कोवळी फांदी पक्की व्हायला लांब, कडक उन्हाळा लागतो, त्याची फांदी थंड उन्हाळ्याच्या प्रदेशात कच्चीच राहते आणि पहिल्या कडाक्यात मरते. शिवाय रोग असतात, ते कोणत्याही तापमापकावर दिसत नाहीत. अमेरिकेतील पांढरा पाइन युरोपात चांगला वाढला, पुष्कळ लावलाही गेला; पण एकोणिसाव्या शतकात तांबेरा जातीच्या एका बुरशीने त्याला गाठले. ही बुरशी त्याच्या मायदेशी नव्हती, त्यामुळे तिच्याशी झुंजण्याची ताकद त्याच्यात नव्हती. काळी चेरी उलट इतकी माजली, की आज जर्मनीतील वनाधिकारी तिला उपटून काढतात. वनातील निवडीचा निकाल असा पन्नास-शंभर वर्षांनी लागतो, आणि वांगेनहाइम तर एक्कावन्नाव्या वर्षीच वारला.

त्याचे नाव मात्र वनस्पतिशास्त्रात टिकले आहे. अक्रोडाच्या कुळात कडू हिकोरी नावाचा अमेरिकन वृक्ष आहे. त्याचे फळ इतके कडवट, की माणूस ते तोंडात धरत नाही. त्याचे शास्त्रीय नाव ‘कॅरिया कॉर्डिफॉर्मिस’. यातला ‘हृदयाच्या आकाराचा’ या अर्थाचा दुसरा शब्द १७८७ च्या त्या ग्रंथातला आहे. म्हणून शास्त्रीय नावापुढे कंसात वांगेनहाइमचे संक्षिप्त नाव लिहितात.