आर्क्टिकमध्ये बुडालेली 'मराठा'

युद्धनौकांच्या कहाण्या : लेखांक 7

मागच्या लेखांकात आपण ब्रिटिश नौदलाच्या जुन्या 'ट्रायबल' वर्गातल्या विनाशिका पाहिल्या. 1907 ते 1909 या काळात पाण्यात उतरलेल्या या जहाजांना लढवय्या जमातींची नावे होती : घुरखा, अफ्रिदी, माओरी, झुलू, कोझॅक. त्यांतल्या 'घुरखा' आणि 'माओरी' यांनी 4 मार्च 1915 रोजी डोव्हरच्या सामुद्रधुनीत जर्मनीची यू-8 ही पाणबुडी बुडवली. पुढे दोन वर्षांच्या आत 'घुरखा' स्वतःच सुरुंगाला बळी पडली. तीस वर्षांनी त्याच धाटणीची नावे पुन्हा आली तेव्हा त्यांत 'गुरखा', 'शीख' आणि 'पंजाबी' होत्या. या तिन्ही विनाशिका दुसऱ्या महायुद्धात बुडाल्या. मराठ्यांचे नाव ब्रिटिश विनाशिकेवर चढले ते 1942 साली, आणि तेही अर्ध्या वाटेवर.

स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावी, क्लाइड नदीच्या मुखाशी असलेल्या स्कॉट्स कंपनीच्या गोदीत 'मार्क्समन' नावाची विनाशिका बांधली जात होती. मे 1941 मध्ये जर्मन विमानांनी ग्रीनॉकवर बॉम्ब टाकले, त्यात अर्धवट बांधलेला हा सांगाडा उतारावरून निखळला. तो मोडून, दुसऱ्या उतारावर नव्याने बांधायला घेतला गेला. बांधकाम चालू असतानाच, युद्धात हिंदुस्थानातून मिळालेल्या मदतीची दखल म्हणून, तिचे नाव बदलून 'मराठा' असे ठेवण्यात आले. 28 जुलै 1942 रोजी 'एचएमएस मराठा' पाण्यात उतरली.

ही मदत कसली, हे सातारा जिल्ह्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, तैग्रिसच्या काठी, मराठा पलटणींनी काय सोसले ते कुतच्या वेढ्यात दिसते. दुसऱ्या युद्धात एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर 1941 साली त्याच पलटणी लढल्या. आपल्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावामागे आजही 'मिलिटरी' लागते, ते उगाच नाही.

पण जहाजाच्या तारखांकडे वाईत बसून पाहिले की दुसरी बाजूही समोर येते, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ग्रीनॉकला जहाज पाण्यात सोडल्यानंतर अवघ्या 12 दिवसांनी, 9 ऑगस्ट 1942 रोजी, मुंबईत गांधीजींना अटक झाली. सप्टेंबरात तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला, वडूज आणि इस्लामपूरला मोर्चांवर गोळीबार झाला. वाई तालुक्यातल्या कवठे गावचे किसन वीर तेव्हा भूमिगत चळवळीच्या अग्रभागी होते. पुढे पकडले जाऊन ते येरवड्याच्या तुरुंगातून निसटले. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी अडवून भूमिगतांच्या प्रतिसरकारच्या तूफान सेनेने सरकारी पैसा ताब्यात घेतला, तेव्हा 'मराठा' विनाशिका ब्रिटिश नौदलात दाखल होऊन दोन महिने झाले होते. एकाच जिल्ह्यातला एक भाऊ बादशहाच्या पलटणीत आणि दुसरा प्रतिसरकारात, अशी घरे तेव्हा होती. दोघांच्याही धैर्याबद्दल मला सारखाच आदर आहे. जहाजावर जे नाव चढले त्याच्या पोटात ही दोन्ही माणसे होती. ब्रिटिशांनी त्यांतल्या एकाचाच विचार केला, एवढेच.

आता जहाजाकडे वळू. 'मराठा'ची लांबी सुमारे 362 फूट, वजन 1920 टन, इंजिनांची ताकद 48 हजार अश्वशक्ती आणि वेग ताशी 36 सागरी मैल, म्हणजे जवळजवळ 67 किलोमीटर. तिच्यावर 4.7 इंची सहा तोफा होत्या, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. 'एल' आणि 'एम' वर्गांच्या या विनाशिकांची खासियत अशी की तोफेभोवती सर्व बाजूंनी बंद अशी पोलादी खोली होती. आधीच्या विनाशिकांवर तोफचींना समोरच्या ढालीच्या आडोशाने, पण पाठीमागून उघड्यावरच उभे राहावे लागे. जिथे 'मराठा'ला जायचे होते तिथे ही बंद खोली फार मोलाची होती.

तिला जायचे होते रशियाला. हिटलरने जून 1941 मध्ये सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर ब्रिटन आणि अमेरिका रणगाडे, विमाने, इंधन आणि धान्य जहाजांनी उत्तरेच्या बंदरांत पोचवू लागले. ही वाट नॉर्वेच्या माथ्यावरून, आर्क्टिक महासागरातून मुर्मान्स्ककडे जाई. नॉर्वे जर्मनांच्या हातात होता, म्हणजे उजव्या हाताला शत्रूचे विमानतळ आणि डाव्या हाताला हिमखंड. ऐन हिवाळ्यात तिथे सूर्य उगवतच नाही. लाटांचे उडालेले पाणी डेकवर, दोरांवर, तोफांवर पडता पडता गोठते. बर्फ वाढत गेला की जहाजाचा वरचा भाग जड होतो आणि जहाज कलंडण्याची भीती असते. म्हणून पहाऱ्यावरून सुटलेले खलाशी झोपायच्या आधी कुऱ्हाडी आणि हातोडे घेऊन बर्फ फोडत बसत. उघड्या हाताने धातूला स्पर्श केला तर कातडी चिकटून निघे.

मालवाहू जहाजे रांगा धरून मध्ये चालत आणि विनाशिका त्यांच्या चहूबाजूंनी फिरत. पाण्याखाली ध्वनिलहरी सोडून पाणबुडीचा माग काढायचा, ती सापडली की तिच्यावर पाण्यात फुटणारे पिंपाएवढे बॉम्ब टाकायचे, आणि ताफ्यात फट पडू द्यायची नाही. विनाशिकेचे बहुतेक आयुष्य अशा राखणीतच जाते. शत्रूच्या नौकेशी समोरासमोर लढाई क्वचित.

20 फेब्रुवारी 1944 रोजी स्कॉटलंडच्या लॉख इयूमधून जेडब्ल्यू-57 हा ताफा निघाला. 42 मालवाहू जहाजे, सोबत क्रूझर 'ब्लॅक प्रिन्स', छोटी विमानवाहू 'चेसर' आणि बऱ्याच विनाशिका. 24 तारखेला 'केपेल' या विनाशिकेने यू-713 बुडवली. 25 ला कॅटालिना विमानाने यू-601 बुडवली. पण त्याच रात्री नऊच्या सुमारास हुबर्ट नॉर्डहायमर याच्या यू-990 ने 'मराठा'ला गाठले.

जर्मनांकडे तेव्हा एक नवा पाणतीर आला होता. जहाजाच्या पंख्याचा आवाज ऐकून तो स्वतःच वळत वळत त्या आवाजाकडे जाई. नेम थोडा चुकला तरी तो निष्फळ ठरेलच असे नसे, आणि विनाशिकांच्या मागे लागण्यासाठीच तो बनवला होता. असे दोन पाणतीर 'मराठा'वर आदळले. काही मिनिटांत ती बुडाली. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर ड्रॉट. 'इम्पल्सिव्ह' आणि 'वाँडरर' या विनाशिका अंधारात मदतीला धावल्या, पण गोठणबिंदूजवळच्या त्या पाण्यात माणूस काही मिनिटांतच गारठून हातपाय हलवेनासा होतो. सुमारे 220 जण गेले. वाचलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नसली तरी वीसही नव्हती. नौदलात येऊन तिला पुरते वर्षही झाले नव्हते.

ताफ्यातली 42 मालवाहू जहाजे मात्र एकही न गमावता 28 फेब्रुवारीला कोला खाडीत पोचली. ज्या कामासाठी 'मराठा' तिथे होती ते काम तडीस गेले, आणि या सफरीत बुडालेले मित्रराष्ट्रांचे एकमेव जहाज तीच ठरली. माझ्या मते तिच्या नोंदीत सर्वांत वर हेच लिहायला हवे.

यू-990 चेही आयुष्य पुढे तीन महिन्यांचेच होते. मे 1944 मध्ये तिने यू-476 या घायाळ पाणबुडीवरची माणसे उचलून आपल्यात घेतली, आणि त्यानंतर लगेचच, 25 मे रोजी, एका लिबरेटर विमानाने तिलाच बुडवले.

पुढच्या आठवड्यात आपण आपल्याच नौदलाच्या, म्हणजे तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीच्या, 'बेंगाल' या छोट्या जहाजाकडे वळू. 11 नोव्हेंबर 1942 रोजी हिंदी महासागरात तिने 'ओंडिना' या तेलवाहू जहाजासोबत दोन जपानी जहाजांना तोंड दिले होते.