गालिचा आधी उलटून पाहावा
जुन्या वस्तूंची पारख : लेखांक 6

वऱ्हाडातल्या (बेरारमधल्या) दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरब गावाचा तुर्कस्तानाशी काही संबंध असेल, असं सहसा कोणाच्या मनात येणार नाही. कागदोपत्री मात्र तो होता. 1936 च्या करारानं निजामाला ‘हैदराबाद आणि बेरारचा निजाम’ म्हणवून घ्यायचा हक्क मिळाला आणि त्याच्या थोरल्या मुलाला, आझम जाहला, ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. यवतमाळसह सगळ्या वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडेच राहिला. आझम जाहची बेगम दुर्रुशेहवार ही शेवटचा उस्मानी खलिफा दुसरा अब्दुलमजीद याची मुलगी. 12 नोव्हेंबर 1931 रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात त्यांचा निकाह झाला. इस्तंबूलमध्ये जन्मलेली शहजादी अशी वऱ्हाडचं नाव आपल्या पदवीत घेऊन हैदराबादेत राहिली.

या सोयरिकीची एक खूण महाराष्ट्रात आजही उभी आहे. निजामानं आपल्या व्याह्यासाठी खुलताबादजवळ तुर्की धाटणीचा मकबरा बांधवला. खलिफा 1944 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला वारला आणि पुढे त्याचं दफन मदिनेत झालं. खुलताबादचा मकबरा रिकामाच राहिला.

वस्तूंच्या बाजारात अशा इतिहासाला किंमत असते आणि धोकाही तिथेच असतो. ‘हा गालिचा शहजादीबरोबर इस्तंबूलहून आला’ असं विदर्भात किंवा मराठवाड्यात कोणी सांगितलं, तर ऐकणाऱ्याला ते पटण्यासारखं वाटेल. पण 3 मार्च 1924 रोजी खिलाफत रद्द झाली आणि खलिफाच्या कुटुंबाला घाईघाईनं देश सोडावा लागला. वाड्यातलं सामानसुमान बरोबर नेण्याची ती वेळ नव्हती. त्यामुळे जुनी पावती, यादी किंवा फोटो यांतलं काहीच समोर नसेल, तर त्या गोष्टीसाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. मोजायचे ते समोरच्या गालिच्याचे.

आणि गालिचा पाहायचा तो पाठीकडून.

पाठ वर केली की विणकाम उघडं पडतं. तुर्की गाठीत लोकरीचा धागा ताण्याच्या दोन उभ्या धाग्यांना वळसा घालतो आणि त्याची दोन्ही टोकं त्या दोघांच्या मधून वर येतात. ही दुहेरी, समतोल गाठ. फारसी गाठीत धागा एका उभ्या धाग्याला पूर्ण वेढतो आणि दुसऱ्याच्या नुसता मागून जातो. गालिचा आडव्या रेघेवर दुमडून लव बाजूला सारली की मुळाशी दोन्ही धाग्यांवर बसलेली कॉलरसारखी पट्टी दिसते. ती तुर्की गाठ. सैबेरियातल्या अल्ताई पर्वतात 1949 साली बर्फात गोठलेल्या थडग्यातून निघालेला, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा पाझिरिक गालिचा याच गाठीचा आहे. गाठीवरून देश सिद्ध होत नाही, कारण कॉकेशसमध्ये आणि इराणच्या काही भागांतही ती वापरतात. पण तुर्की म्हणून विकायला ठेवलेल्या गालिच्यात ती नसेल, तर विक्रेत्याला प्रश्न विचारायलाच हवा.

पाठीवरच ताणा-बाण्याचा धागाही कळतो, आणि कापसाच्या मुलखातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. अनातोलियातल्या खेड्यांत विणलेल्या जुन्या गालिच्यांत ताणा, बाणा आणि गाठी असं सगळं लोकरीचं असतं: बेर्गामा, मिलास, लादिक, कोन्या ही त्यातली गाजलेली नावं. सुती ताणा दिसला की बहुधा तो शहरी कारखान्याचा माल असतो. कायसेरी आणि सिवासचे अनेक गालिचे असे आहेत. कायसेरीच्याच काही गालिच्यांत रेशमासारखा चमकणारा, प्रक्रिया केलेला सुती धागा लवेसाठी वापरला जातो आणि पुढे तो गालिचा रेशमी म्हणून खपवला जातो. विक्रेत्याच्या परवानगीनं झालरीतला आणि लवेतला एकेक तंतू जाळून पाहावा. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखा वास सोडतात, सूत कागदासारखं जळतं. रेशमी गालिच्यांत सर्वांत मोठा मान हेरेकेचा. 1843 साली उस्मानी दरबारानं तिथे कापडाचा कारखाना काढला आणि 1891 पासून तिथे गालिचे विणले जाऊ लागले. उत्तम रेशमी हेरेकेत एका चौरस सेंटिमीटरमध्ये 100 च्या आसपास गाठी असतात. मात्र गाठी मोजून सौंदर्य ठरत नाही. मोकळ्या विणीचा, जाड लोकरीचा कोन्याचा गालिचा कित्येक बारीक विणीच्या गालिच्यांपेक्षा जिवंत असतो.

वय सांगतो तो रंग. 1856 साली पर्किननं पहिला कृत्रिम रंग काढला, 1869 च्या सुमारास कृत्रिम अलिझरीन बाजारात आलं आणि पुढच्या काही दशकांत हे रंग अनातोलियाच्या खेड्यापाड्यांत पोचले. त्याआधी लाल मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतून यायचा आणि निळा निळीतून. सुरुवातीचे कृत्रिम रंग उन्हानं विटत. म्हणून लव बोटांनी दुभंगून पाहावी: टोकाला करडा किंवा मळकट आणि मुळाशी भडक जांभळा-गुलाबी रंग दिसला, तर तो गालिचा कृत्रिम रंगांच्या काळातला. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासल्यावर रंग उतरला, तर पुढे धुताना सगळी नक्षी फिसकटणार. वयाची आणखी एक खूण आहे. काळ्या-तपकिरी रंगासाठी लोखंडाचा कस वापरत, त्यामुळे ती लोकर काळाच्या ओघात ठिसूळ होऊन आधी झिजते आणि जुन्या गालिच्यातल्या काळ्या रेघा बोटाला खोल लागतात. रासायनिक धुलाई करून, उन्हात वाळवून किंवा लव कातरून नव्या मालाला म्हातारं करतात, तेव्हा झीज सगळीकडे सारखी दिसते. खरी झीज सारखी नसते.

नैसर्गिक रंगांची विद्या जवळजवळ विसरली गेली होती. हाराल्ड ब्योमर या जर्मन रसायनशास्त्राच्या शिक्षकानं जुन्या गालिच्यांतले रंग तपासले आणि 1981 साली मारमारा विद्यापीठाच्या साहाय्यानं आयवाजिक भागातल्या गावांत ‘दोबाग’ प्रकल्प सुरू झाला. तिथल्या बायका पुन्हा वनस्पतींच्या रंगांत विणू लागल्या. असा गालिचा वयानं नवा असला, तरी प्रामाणिक आहे. ‘शंभर वर्षांचा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या संशयास्पद मालापेक्षा तो घेतलेला कधीही चांगला.

काही गालिच्यांत साल विणलेलं असतं. अरबी अंकातलं हिजरी 1320 म्हणजे इसवी सनाचं 1902 च्या सुमाराचं साल. पण अरबी लिपीतला तीन आणि दोन यांत एका दात्याचा फरक असतो. चार-दोन गाठी बदलल्या की 1320 चं 1220 होतं आणि गालिचा एका झटक्यात शंभर वर्षांनी मोठा होतो. तुर्कस्ताननं रोमन लिपी स्वीकारली 1928 साली, म्हणून रोमन अक्षरं विणलेला तुर्की गालिचा बहुधा त्यानंतरचा, हेही लक्षात ठेवावं.

फसवणूक केवळ नवशिक्याचीच होते असं नाही. रुमानियातल्या तेओदोर तुदुक यानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्या अनातोली गालिच्यांच्या इतक्या हुबेहूब नकला केल्या, की युरोपातल्या नामांकित संग्रहालयांनीही त्या अस्सल म्हणून घेतल्या. होल्बाइननं 1533 मध्ये रंगवलेल्या ‘द अँबॅसडर्स’ चित्रात टेबलावर जसा तुर्की गालिचा आहे, तसे गालिचे श्रीमंतांना हवे होते, आणि तुदुकनं ते पुरवले.

महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या वाड्यात किंवा लिलावात गाठींचा जुना गालिचा निघाला, तर तो तुर्की असण्यापेक्षा दख्खनी किंवा तुरुंगात विणलेला असण्याची शक्यता जास्त. त्याला कमी लेखायचं कारण नाही. विजापूरच्या आसार महालात सतराव्या शतकातले गालिचे जपलेले होते; आज ते गोल घुमटाजवळच्या संग्रहालयात पाहता येतात. त्यांच्या नकला पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैद्यांनी विणल्या. दख्खनचे जुने गालिचे जपानपर्यंत गेले, आणि क्योटोच्या गिओन उत्सवात रथांवर टांगण्यासाठी तिथल्या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. सुती ताणा आणि फारसी गाठ असलेला असा गालिचा ‘तुर्की’ म्हणून विकणं म्हणजे त्याची खरी ओळख पुसणं.

कायद्याचंही भान हवं. भारताच्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तुर्कस्तानचा 1983 चा कायदाही तितकाच कडक आहे. तिथे जुना गालिचा घेतला तर तो बाहेर नेता येईल असं संग्रहालयाचं पत्र विक्रेत्याकडून मागून घ्यावं. ते नसेल तर विमानतळावर गालिचाही जातो आणि चौकशीही मागे लागते.

पहिल्यांदा घेणाऱ्यानं रेशमी हेरेकेच्या मागे लागू नये. विसाव्या शतकाच्या मध्यातला, लोकरीचा, खेड्यात विणलेला लहान गालिचा किंवा लव नसलेला किलीम घ्यावा. तो परवडतो आणि पाहून शिकताही येतं. थोडी रफू चालेल. पाठीवर ती स्पष्ट दिसते, म्हणून भाव करताना मोजता येते. कुजलेला ताणा मात्र चालणार नाही: पाठ हलकेच दुमडल्यावर कडकड आवाज आला तर गालिचा खाली ठेवावा. घरी आणल्यावर शत्रू एकच, कसर. ती अंधाऱ्या, न हलवलेल्या जागी वाढते, म्हणून पलंगाखालचा भागही दर दोन-तीन महिन्यांनी उलटून झाडावा. साबणाच्या पुडीनं आणि गरम पाण्यानं धुऊ नये.

ज्यांच्या घरी, दर्ग्यात किंवा मशिदीत जुना गालिचा किंवा जानमाज पडून आहे, त्यांनी भंगारवाल्याला किंवा दारावर आलेल्या व्यापाऱ्याला देण्याआधी त्याच्या पाठीचा, झालरीचा आणि विणलेल्या अंकांचा दिवसाच्या उजेडात स्वच्छ फोटो काढून ठेवावा आणि तो आला कुठून हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावं. पुढच्या आठवड्यात वऱ्हाडातल्या सतरंज्या.