अमोनियारोधक वृक्षपट्टा

गोठे, कुक्कुटगृहे व शेणमूत्राचे साठे यांतून सुटणारा अमोनिया अडविण्यासाठी, वारा वाहतो त्या बाजूस लावलेला झाडांचा पट्टा. मूत्रातील यूरियाचे यूरिएज या एंझाइमामुळे विघटन होऊन हा वायू तयार होतो. तो शैवाके (दगडफूल) व स्फॅग्नमाच्या दलदली यांना विशेष घातक असतो; ब्रिटनमध्ये अशा अधिवासांच्या रक्षणासाठी हे पट्टे सुचविले जातात. काही वायू पर्णरंध्रांत व पानांच्या ओलसर पृष्ठभागावर शोषला जातो. उरलेला वर जाऊन विरळ होतो. उगमाकडील बाजू बुंध्याशी मोकळी, तर पलीकडची कड जमिनीपर्यंत दाट ठेवतात. अन्यथा वायू खोडांमधून सरळ निसटतो. तेथील २०१४ मधील गणितीय प्रतिमानानुसार गोठ्यालगतचा पट्टा जास्तीत जास्त २७ टक्के अमोनिया पकडतो; पशू झाडांखालीच ठेवल्यास हे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत जाते. जुने नैसर्गिक वन मात्र या कामी लावू नये. नायट्रोजनाच्या अतिरेकाने त्याचाच ऱ्हास होतो.