आधी हिशेब, मग सायकल

चार मित्र एकत्र येतात आणि एखाद्या चांगल्या कामासाठी मुंबईहून गोव्यापर्यंत सायकलने जायचे ठरवतात. पहिल्याच बैठकीत सायकली, टी-शर्ट, मुक्काम यांवर भरभरून चर्चा होते. पैसे कुणाकडे जमा करायचे, खर्च कुणी उचलायचा, हिशेब कोण मांडणार हे प्रश्न मात्र ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला पडतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. स्वतःच्या आनंदासाठी केलेली सफर अर्धवट राहिली तर नुकसान आपलेच असते. मदतनिधीसाठी निघालेल्या सफरीत दुसऱ्याचा पैसा आणि तिसऱ्याची गरज गुंतलेली असते. म्हणून अशा सफरीतला प्रत्येक निर्णय, मग तो रस्त्याचा असो वा वेगाचा, देणगीदाराच्या विश्वासाला धरून घ्यायला हवा.

हे अमेरिकेतल्या दोन सायकल सफरींच्या अनुभवातून स्पष्ट दिसते. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० साली बिली स्टार यांनी ३६ सायकलस्वारांना घेऊन ‘पॅन-मास चॅलेंज’ सुरू केली. पहिल्या वर्षी कर्करोग संशोधनासाठी जेमतेम दहा हजार डॉलर जमले; आजवरची एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. या वाढीमागे अनेक कारणे असतील, पण एक नियम महत्त्वाचा आहे. २००७ पासून सायकलस्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर थेट कर्करोगाच्या कामाला जातो आणि आयोजनाचा खर्च नोंदणी शुल्क व प्रायोजकांकडून भागवला जातो. याउलट कॅलिफोर्नियात १९९४ साली सुरू झालेल्या ‘एड्स राइड’ला प्रतिसाद मोठा मिळाला, पण देणगीतला किती भाग आयोजनावर खर्च होतो यावरून वाद पेटला. शेवटी ज्या संस्थांसाठी ती सफर निघत होती, त्यांनीच वेगळे होऊन २००२ मध्ये स्वतःची सफर सुरू केली. रस्ता तोच, सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस. सायकलस्वारांची मेहनतही तीच. बिनसले ते हिशेबावरून. मित्रांच्या छोट्या गटाने यातून एकच धडा घ्यावा: जेवण, मुक्काम, दुरुस्ती आणि परतीचे भाडे आपल्या खिशातून, देणगी पूर्णपणे संस्थेची.

महाराष्ट्रात तर कायदाही हेच सुचवतो. नोंदणीकृत न्यासाखेरीज कुणी धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करणार असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी घेतात ती कलम ४१क ची परवानगी हीच. त्यामुळे एखाद्या मित्राच्या खात्यावर पैसे मागवण्यापेक्षा देणगी थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाईल आणि पावती संस्थाच देईल, अशी व्यवस्था सर्वांत सरळ. प्राप्तिकरातील देणगीवरच्या सवलतीचे आश्वासनही जपून द्यावे. त्यासाठी संस्थेला मान्यता लागते, दोन हजार रुपयांवरची रोख देणगी चालत नाही आणि नव्या करप्रणालीत ही सवलत मिळतच नाही. परदेशातल्या आप्तांकडे मदत मागताना आणखी एक गोष्ट तपासावी. ज्यांनी तिथले नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी विदेशी अंशदान ठरते आणि २०१० च्या कायद्याखाली नोंदणी वा परवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही.

पैशाची घडी बसली की मग रस्ता. मुंबई-गोवा महामार्गावरची अवजड वाहतूक टाळून अनेक सायकलस्वार सागरी मार्ग निवडतात. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडवा, पुढे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत हा रस्ता पाचशे किलोमीटरांहून अधिक भरतो. नकाशावर तो किनाऱ्याने सपाट धावताना दिसतो, प्रत्यक्षात मात्र एका खाडीतून वर सड्यावर आणि तिथून पुन्हा दुसऱ्या खाडीत उतरतो. छोटे पण उभे चढ दिवसभर येत राहतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटींच्या वेळा आधी विचारून घ्याव्या लागतात, कारण शेवटची बोट चुकली तर खाडीला लांबचा वळसा पडतो. रोज सत्तरेक किलोमीटर धरले तर आठ दिवस लागतील. त्याशिवाय एक दिवस राखीव ठेवावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. रोजचा टप्पा मात्र गटातल्या सर्वांत हळू सायकलस्वाराला झेपेल तेवढाच ठरवावा. जाहीर केलेली सफर सगळ्यांनी पुरी करणे हे दोघांनी लवकर पोहोचण्यापेक्षा मोलाचे आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: एवढा खर्च आणि खटाटोप करण्यापेक्षा तेच पैसे संस्थेला का देऊ नयेत? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांतच शोधायला हवे. सफरीचा खर्च जमलेल्या देणगीपेक्षा जास्त होणार असेल, तर सरळ पैसेच द्यावेत. पण चौघांच्या मेहनतीमुळे शेकडो नवे लोक त्या कामाशी जोडले जाणार असतील, तर सफरीला अर्थ आहे. बाबा आमटे यांच्या प्रेरणेने डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेल्या ‘भारत जोडो’ यात्रेत तरुण सायकलवर होते. त्यांचा हेतू निधी जमवणे हा नव्हता, पण सायकलवरून आलेल्या माणसाशी लोक थांबून बोलतात हे तिथेही दिसले. दुसरा आक्षेप मैत्रीचा: मित्रांमध्ये लेखी नियम कशाला? मैत्री टिकावी म्हणूनच. कुणी आजारी पडले, सायकल मोडली, सफर मध्येच थांबली, तर काय करायचे हे घरीच ठरलेले असले की घाटात वाद होत नाहीत. देणगी किलोमीटरवर अवलंबून नाही, हेही देणाऱ्याला आधीच सांगावे. म्हणजे आकडा गाठण्यासाठी जीव धोक्यात घालून अंधारात सायकल हाणण्याची वेळ कुणावर येणार नाही.

तेव्हा बेत आखणाऱ्यांना एवढेच सांगणे. सायकल घेण्याआधी संस्था निवडा, तिचे काम प्रत्यक्ष पाहा, खर्चाची वर्गणी आपसांत काढा आणि सफर संपल्यावर महिन्याभरात जमलेल्या रकमेचा हिशेब प्रत्येक देणगीदाराला पाठवा. तो हिशेब पोहोचेल, तेव्हाच ही सफर पुरी झाली असे माना.