गायरानांतील घाणेरी

गायरानाच्या नोंदी आम्हीं अनेक वर्षें लिहिल्या. कागदावर 'गवत' लिहीत असतां जागेवर मात्र घाणेरी माजत होती. आमची ही चूक आज उमगते.

हें झुडूप मूळचें अमेरिकेंतील. एकोणिसाव्या शतकांत बागेच्या शोभेसाठीं तें हिंदुस्थानांत आलें. त्याचीं काळीं फळें पक्षी खातात व बीं दूरवर टाकितात. त्याच्या दाट सावलींत मारवेल, पवना हीं देशी गवतें टिकत नाहींत. आणि पाला पोटांत गेल्यास गुरांच्या यकृतास अपाय होतो.

गांवकरी श्रमदानास उत्साहानें निघतात, परंतु कोयत्यानें वरवर छाटून परततात. पाऊस पडतांच त्याच खुंटांतून दुप्पट धुमारे फुटतात व केलेले श्रम व्यर्थ जातात. सबब जमिनींत ओल असतां व फळें पिकण्यापूर्वीं कुदळीनें माती सारून सोटमूळ जमिनीखालीं सुमारें २ इंचांवर तोडावें. झुडूप मुळें वर करून उलटें ठेवावें, म्हणजे तें पुन्हां मूळ धरीत नाहीं.

मोकळी झालेली जागा उघडी ठेवूं नये; तेथें लागलीच देशी गवताचें बीं पेरावें व गवत रुजेपर्यंत गुरें आंत सोडूं नयेत. पुढील दोनतीन पावसाळे नवीं रोपें उपटण्यास गांवानें एकेक सकाळ द्यावी.

वाचकांनीं आपल्या गांवचें गायरान एकवार स्वतः फिरून पाहावें. नोंदींतील गवत जागेवर दिसेल, तेव्हांच ती नोंद खरी.