तव्यावरचे काळे

लेण्याद्रीच्या परिसरात, म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत, बाजरीची भाकरी हे रोजचे अन्न. लोखंडी तवा नाही असे घर येथे क्वचितच सापडेल. या तव्याविषयी दोन परस्परविरोधी समजुती एकाच घरात सुखाने नांदतात. 'तवा जितका जुना तितका चांगला' ही एक आणि 'काळा तवा म्हणजे घाणेरडा तवा' ही दुसरी. दुसऱ्या समजुतीपायी तवा राखेने, तारेच्या घासणीने घासून लख्ख केला जातो. दुसऱ्या दिवशी त्यावर धिरडे चिकटते आणि बोल मात्र करणारीला लागतो. पावसाळ्यात तोच तवा तांबेरतो आणि शेवटी भंगारात जातो.

खरे पाहता गोंधळ 'काळे' या एका शब्दाचा आहे. तव्यावरचे काळे एकाच प्रकारचे नसते. त्यातले कोणते काढायचे आणि कोणते राखायचे, हे कळले की तव्याची निगा हा अगदी साधा विषय होतो.

काळ्याचे चार प्रकार

पहिली काजळी. चुलीतील लाकडाचे ज्वलन अपुरे झाले की कार्बनचे बारीक कण तव्याच्या बुडाला बसतात. बोट लावले की ते बोटाला येतात. दुसरी करप, म्हणजे जळून राहिलेले पीठ आणि अन्नकण. तिचे खवले निघतात आणि पुढच्या पदार्थाला कडवट चव येते. हे दोन्ही प्रकार मळाचे आहेत, ते काढलेच पाहिजेत.

तिसरा प्रकार लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा. लोखंड हवेत तापवले की त्यावर हा थर येतो. लोहाराच्या ऐरणीभोवती पडलेल्या पापुद्र्यांत तो पुष्कळ असतो. तांबडा गंजही ऑक्साइडच, पण त्यात पाण्याचा अंश असतो. तो सच्छिद्र असतो आणि मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून तो सुटून पडतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. काळे ऑक्साइड मात्र दाट असते आणि पातळ थरात असले तर धातूला धरून राहते.

चौथा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. तो आहे तापून घट्ट झालेल्या तेलाचा थर. जुना तवा चांगला असतो तो प्रामुख्याने या थरामुळे.

तेलाचे पातळ कवच

खाद्यतेलाच्या रेणूत मेदाम्लांच्या लांब साखळ्या असतात. त्यांपैकी काहींमध्ये कार्बनच्या अणूंत दुहेरी बंध असतात. हवेतील ऑक्सिजन आणि उष्णता मिळाली की या जागी साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि द्रव तेलाचे घन जाळे बनते. रसायनशास्त्रात याला बहुवारिक म्हणतात. क्रिकेटच्या बॅटला लावलेले जवसाचे तेल सुकते किंवा राजा रविवर्मा यांच्या तैलचित्रांतील रंग घट्ट बसतो, तो याच प्रक्रियेने. तेथे पाणी उडून जाण्याचा प्रश्नच नसतो. उलट, तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घेते.

दुहेरी बंध जितके अधिक, तितका हा थर लवकर धरतो. जवसाच्या तेलात तीन दुहेरी बंध असलेले लिनोलेनिक आम्ल निम्म्याहून अधिक असते. करडईच्या आणि पश्चिमेकडील डोंगराळ गावांत पिकणाऱ्या खुरासणीच्या तेलात दोन बंधांचे लिनोलेइक आम्ल पुष्कळ असते. शेंगदाणा तेलात एका बंधाचे ओलेइक आम्ल प्रमुख असते. खोबरेलात सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली असतात. म्हणून तव्यासाठी करडई, खुरासणी चांगली. शेंगदाणा तेलही चालते, कारण तव्याच्या उष्णतेने प्रक्रियेचा वेग खूप वाढतो. जवसाचा थर कडक होतो, पण पुष्कळदा ठिसूळ होऊन त्याचे पापुद्रे निघतात.

हा थर लोखंडाच्या पृष्ठभागावरील बारीक खळगे भरून काढतो. ओले पीठ धातूला थेट भिडत नाही, म्हणून चिकटत नाही. पाणी आणि हवा लोखंडापर्यंत सहज पोचत नाहीत, म्हणून गंजही लागत नाही. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना सापडलेले टेफ्लॉनही बहुवारिकच आहे. पण त्याचा लेप खरवडला गेला की घरी पुन्हा देता येत नाही. तव्याचा थर मात्र आपल्याला हवा तेव्हा नव्याने देता येतो.

तवा तयार करण्याची रीत

नवा तवा गंजू नये म्हणून दुकानात येण्यापूर्वी त्याला तेलकट लेप दिलेला असतो. तो गरम पाण्याने आणि साबणाने पूर्ण काढावा. तवा विस्तवावर ठेवून कोरडा करावा. थोडा निवला की अर्धा चमचा तेल दोन्ही बाजूंना चोळावे आणि मग कोरड्या फडक्याने इतके पुसावे की तेल लावलेच नाही असे वाटावे. आता मध्यम आचेवर, तेल हलके धुरावू लागेपर्यंत तापवावे आणि वीसएक मिनिटे तसेच ठेवून निवू द्यावे. खिडक्या उघड्या असाव्यात. असे चार-पाच वेळा करावे.

तेल जास्त लावले की थर लवकर जाड होईल, असे वाटते. तसे होत नाही. जाड थराच्या आत ऑक्सिजन पोचत नाही आणि वर चिकट थेंब उरतात. पातळ थर अनेकदा, हेच यातले सूत्र.

रोजची निगा

राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, म्हणून ती अल्कधर्मी असते. अल्क तेलाच्या रेणूतील बंध तोडतो. त्यातच राखेचे खरखरीत कण थर खरवडतात. भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने एकदा धुतले तर बिघडत नाही. तव्याला खरा धोका तारेच्या घासणीचा आणि तवा पाण्यात भिजत ठेवण्याचा असतो. धुतल्यावर तवा विस्तवावर कोरडा करावा आणि तेलाचे बोट फिरवावे. बिडाचा तवा तापलेला असताना त्यावर गार पाणी ओतू नये. बीड ठिसूळ असते, एकाच जागी आकुंचन झाले की ते तडकते.

भाकरीचा तवा कोरडा आणि कडक तापतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तेलाचा थर हळूहळू जळून जातो, म्हणून या तव्याचा मध्यभाग करडा दिसतो. त्यात बिघडलेले काही नसते. धिरडी, थालीपिठे यांसाठी मात्र दुसरा तवा ठेवावा. गंजलेला तवा टाकून देऊ नये. चिंचेने घासून गंज काढावा, लगेच धुऊन कोरडा करावा आणि वरील रीत पुन्हा करावी.

आणि शरीरातले लोह?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणून लोखंडी भांडे वापरा, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण भेद लक्षात घ्यावा. अन्नात लोह उतरते ते आंबट, ओलसर आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थांत, उदाहरणार्थ लोखंडी कढईतील चिंच घातलेल्या भाजीत. चांगला थर बसलेल्या तव्यावर दोन मिनिटे भाजलेल्या धिरड्यात ते फारसे उतरत नाही. आंबट पदार्थ तव्याचा थरही खातो. थर राखण्यासाठी तवा आणि आंबट भाजीसाठी कढई, अशी वाटणी बरी. रक्तक्षयावर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांना मात्र यांपैकी काहीच पर्याय नाही.

वर्गात करून पाहा

गंजण्याच्या पाठात तीन परीक्षानळ्यांतील खिळ्यांचा प्रयोग असतो. त्याला वेगळी जोड देता येईल. तीन खिळे घ्या. एक उघडाच ठेवा. दुसऱ्याला शिक्षकांनी वरील रीतीने तेलाचे तीन थर द्यावेत. तिसरा खिळा हिरड्याच्या काढ्यात रात्रभर ठेवा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातील आदिवासी कुटुंबे गोळा करतात तोच हा हिरडा. त्यातील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने खिळा निळसर काळा होतो. हा झाला काळ्याचा पाचवा प्रकार! तिन्ही खिळे मिठाच्या पाण्यात अर्धे बुडवून आठवडाभर रोज नोंद करा.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा. काचेच्या तीन पट्ट्यांवर जवस, शेंगदाणा आणि खोबरेल यांचा पातळ थर देऊन त्या पंधरा दिवस उघड्या हवेत, धूळ बसणार नाही अशा जागी ठेवा. रोज बोटाने हळूच पाहा, कोणते तेल घट्ट होते आणि कोणते ओलेच राहते. प्रयोगशाळेत संवेदनशील तराजू असेल, तर जवसाची पट्टी पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तोला. 'सुकलेल्या' तेलाचे वजन कमी झाले की वाढले, आणि का, हा प्रश्न उत्तर न सांगता मुलांपुढे ठेवा.