सगळे एकसारखेच असतील तर चूक पकडणार कोण? संस्थांना विविधतेचा फायदा कसा होतो, समजून घ्या

यूट्यूबने आयफोनवरून व्हिडिओ अपलोड करण्याची सोय आणली, तेव्हा ५ ते १० टक्के व्हिडिओ उलटे अपलोड होऊ लागले. शूटिंग चुकत होतं का? नाही. डावखुरे लोक फोन आडवा करताना सहसा दुसऱ्या बाजूने फिरवतात. ॲप बनवणाऱ्या टीममध्ये जवळपास सगळेच उजव्या हाताचे होते, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ही गोष्ट पुढे गूगलनेच सांगितली.

संस्थेत वेगवेगळ्या प्रकारची माणसं का हवीत, याचं हे सोपं उत्तर आहे. प्रत्येकाला स्वतःच्या अनुभवातल्या अडचणी आधी दिसतात. इतरांच्या सहज सुटून जातात.

याला पुरावा काय?

२०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका जास्तीत जास्त ०.८ टक्के होत्या. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र त्या ३४.७ टक्क्यांपर्यंत गेल्या. चूक उघड झाल्यावर कंपन्यांनी सॉफ्टवेअर सुधारलं.

भारतातलं उदाहरण ग्रामपंचायतींचं आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात जिथे सरपंचपद महिलांसाठी राखीव होतं, तिथे पिण्याच्या पाण्याच्या कामांवर जास्त भर दिसला. कारण गावातल्या बायकांच्या तक्रारींमध्ये पाण्याचा प्रश्न वरच्या क्रमांकावर होता. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे.

बाकीच्यांना काय फायदा?

अमेरिकेत सॅम्युअल सॉमर्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही ज्युरी फक्त गोऱ्यांच्या होत्या, तर काही मिश्र. मिश्र ज्युरींनी जास्त वेळ चर्चा केली आणि खटल्यातले जास्त मुद्दे विचारात घेतले. विशेष म्हणजे, मिश्र गटातल्या गोऱ्या सदस्यांच्याही चुका कमी झाल्या. समोर वेगळ्या अनुभवाचा माणूस असला, की आपण बोलण्याआधी नीट विचार करतो.

मग वेगवेगळी माणसं भरती केली की झालं?

नाही. विविधता म्हणजे खोलीत कोण कोण आहे. समावेशन म्हणजे त्यांचं म्हणणं ऐकलं जातं का. मीटिंगमध्ये साहेबांनी आधीच मत सांगून टाकलं, तर बाकीचे माना डोलावतात. मग टीम कितीही वेगवेगळ्या माणसांची असली तरी उपयोग शून्य.

‘विविधता असलेल्या कंपन्या जास्त नफा कमावतात’ असे आकडे सोशल मीडियावर फिरतात. तेही जपून वाचायला हवेत. विविधतेमुळे नफा वाढला, की नफ्यातल्या कंपनीला अशी भरती परवडली, हे त्यातून सिद्ध होत नाही.

संस्था काय करू शकतात?

• मुलाखतीत सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारणं.
• मीटिंगमध्ये ज्युनिअर सहकाऱ्यांना आधी बोलू देणं.
• रॅम्प, स्क्रीन रीडरवर चालणारी वेबसाइट अशा सोयी करणं.
• पाळणाघर देणं. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने ते बंधनकारक केलं.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना तर एक रुपयाही लागत नाही. आणि ‘साहेब, इथे काहीतरी चुकतंय’ असं कुणी वेळेत सांगितलं, तर पुढचं मोठं नुकसान टळतं.